हरल्यावरही वाजणारी धून

काका, कमाल आहे तुमची! जायचंच होतं तर निदान समितीची बैठक उरकून तरी जायचं. रविवारी जेवलात, काकूंना म्हणालात जरा पाठ टेकतो, आणि काकू चहा घेऊन आल्या तर तुम्ही उठेचनात. काकूंचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. हातातला ओला टॉवेल तसाच धरून किती वेळ उभी राहिले कुणास ठाऊक. आणि तुम्हाला खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी मनात काय आलं असेल? बैठकीतला सातवा मुद्दा, तुमचा प्रस्ताव. आता सातव्या मुद्द्याचं काय करायचं? माझी मलाच लाज वाटली.

पण तुम्हीच सांगा, दुसरं काय येणार होतं? गेले कित्येक महिने आपण दुसरं काही बोललो होतो का? मी न्युरेम्बर्गच्या ह्या संघटनेत नोकरीला. कॅसिनोंना आणि कोपऱ्याकोपऱ्यावरच्या त्या काळ्या काचांच्या श्पीलहालेंना, म्हणजे जुगारघरांना, जुगाराची मशिन्स पुरवणाऱ्या कंपन्यांची संघटना. सरकारी मसुदे वाचायचे, प्रदर्शनात स्टॉल लावायचे, बैठका भरवायच्या, थोडक्यात मशीनवाल्यांचं हित बघायचं. आणि तुम्ही तुमच्या कंपनीकडून आमच्या तांत्रिक समितीवर. त्या समितीपुढे तुम्ही असला प्रस्ताव आणलात की सगळे माझ्याकडे बघायला लागले, जशी काही मीच तुम्हाला फूस लावली होती. दोघंही महाराष्ट्रातले ना! त्यांना वाटणारच.

नियम तुम्हीच मला शिकवला होतात. आन्त्राग, म्हणजे प्रस्ताव, मांडणारा सभासद राहिला नाही, तर त्या बैठकीत दुसऱ्या कुणा सभासदाने 'मी हा प्रस्ताव घेतो' असं म्हणावं लागतं. कुणीच नाही म्हणालं तर प्रस्ताव रद्द. चर्चा नाही, मतदान नाही, एक रेघ मारली की संपलं. माझं तर मतच नाही तिथे. मी पगारी माणूस. मी इतिवृत्त लिहायचं, कॉफी आली का बघायचं आणि गप्प बसायचं. म्हणजे तुम्ही जिवंत असेपर्यंत मी ज्या प्रस्तावावरून तुमच्याशी कचाकचा भांडले, तोच आता माझ्या डोळ्यांदेखत मरणार होता आणि मला ते बघवत नव्हतं. ह्याला काय म्हणायचं?

मला आपली पहिली भेट आठवतेय. मी नवी नवी रुजू झालेली, बैठकीच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलेली नमुन्याची मशिन्स पुसत होते. डेमो मोडवर ती आपापली खेळत असतात, माणूस नको, पैसे नकोत. त्यातलं एक मधूनच गायचं. चार सूर, शेवटचा एकदम वर चढणारा. मी सहज गुणगुणले, तर मागून आवाज आला, "बरोबर लागला की गं सूर!" जर्मनीत, त्या खोलीत, सांगलीचं मराठी! मी दचकून फडकं खाली टाकलं. तुम्ही खिशातून बेदाण्यांची पुडी काढलीत आणि म्हणालात, "घे. तासगावचे आहेत. ती धून माझी आहे."

शाळेत पेटी वाजवायचात, पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकलात, आणि नशिबाने नेऊन बसवलं ते जुगाराच्या मशीनला गाणं शिकवायला. सगळे तुम्हाला हेर माग्डुम, म्हणजे माग्डुम साहेब, म्हणायचे आणि तुम्ही मगदूम असं कधीच सुधारून सांगितलं नाहीत. "असू दे की. माझी धून तरी नीट म्हणतात," म्हणायचात. खरंच म्हणायचे हो. अध्यक्ष लोमान साहेब कॉफी ढवळताना तीच शिट्टी मारायचे. तुम्हाला किती आवडायचं ते, मी बघितलंय. मिशीत हसायचात.

मग ते फ्युर्थच्या श्पीलहालेतलं झालं. मीही होते तिथे, म्हणून तर माझी सुटका नाही. आपण नव्या मशीनचा आवाज प्रत्यक्ष कसा येतो ते ऐकायला गेलो होतो. भर दुपार, बाहेर लख्ख ऊन, आत मात्र कायमची संध्याकाळ. एक म्हातारे गृहस्थ तुमच्या मशीनसमोर बसले होते. स्वच्छ शर्ट, शेजारच्या खुर्चीवर भाजीची पिशवी, पिशवीतून कांद्याची पात बाहेर आलेली. ते बटण दाबत होते आणि दर थोड्या वेळाने तुमचे चार सूर वाजत होते. तुम्ही कौतुकाने विचारलंत, "जिंकताय वाटतं?" ते वळून हसले. म्हणाले, "हो, हो. ऐकू येतंय ना!"

तुम्ही पडद्याकडे बघितलंत. मीही बघितलं. एक युरो लावला होता, वीस सेंट परत आले होते. मशीनच्या लेखी ती जीत. म्हणून ते गात होतं. ऐंशी सेंट गेले त्याचं गाणं कुणी लिहिलेलंच नव्हतं. ते गृहस्थ हरत होते, भराभर हरत होते, आणि तुमचे सूर ऐकून खुशीत मान डोलावत होते.

बाहेर येऊन तुम्ही बाकावर बसलात ते उठायलाच तयार नाही. मला वाटलं उन्हाने चक्कर आली. पाणी दिलं तर घेतलं नाहीत. मग म्हणालात, "वृषाली, मी त्यांना फसवलं गं."

तिथेच आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, तुम्ही कसलं फसवलंत? पडद्यावर आकडा दिसतोय ना? मोठी माणसं आहेत, डोळे आहेत, अक्कल आहे. तुम्ही म्हणालात, "डोळे आहेत. पण ते कानांनी खेळत होते." मी म्हटलं, काका, कायद्यात बसतंय सगळं. तुम्ही म्हणालात, "गेनाऊ, अगदी बरोबर! कायद्यात बसतंय म्हणूनच ते आपण काढायचं." आणि मग तो प्रस्ताव. एवढासा, दोन ओळींचा. लावले त्यापेक्षा कमी परत आले तर मशीनने आवाज करू नये. सर्व सभासदांनी आपण होऊन पाळावं. बस.

बस कसलं! समितीत हलकल्लोळ. लोमान साहेब तुमचे इतके जुने दोस्त, तुमच्या बेदाण्यांवर ताव मारणारे, पण तेसुद्धा म्हणाले की हेर माग्डुम, हे बघा, ही संघटना मशीन बनवणाऱ्यांची आहे, मशीन मुकी करणाऱ्यांची नाही. सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि पुडी त्यांच्याकडे सरकवलीत. मला त्या क्षणी तुमचा असा राग आला! भांडायचं तर भांडा की नीट. बेदाणे काय वाटता?

आणि मला राग यायला माझीही कारणं होतीच. सचिनच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग कमी खपायला लागल्यापासून कुर्त्सआर्बाइट, म्हणजे निम्म्या वेळेचं काम, चाललंय, आठवड्यातले निम्मे दिवस नवरा घरी बसून कपाटं लावतो. कपाटं किती लावणार माणूस? माझी नोकरी आहे म्हणून घर चाललंय. ऑफिसात एकदोघं गमतीत मला 'माग्डुमची सेक्रेटरी' म्हणायला लागले होते. हसण्यावारी न्यायचे मी, पण घरी येऊन भांडी आपटायचे. तुम्हाला फोनवर म्हटलंसुद्धा, "तुमची निवृत्ती दाराशी आलीय, तुमचं काय जातंय? आम्हाला अजून इथे राहायचंय." तुम्ही गप्प झालात. मला वाटलं, रागावलात. तर म्हणालात, "बघ, आत्ता जसा गप्प आहे ना मी, तेवढंच मशीनने करायचं आहे. फार नाही." असले तुम्ही! चिडावं तरी पंचाईत.

शेवटचं भांडण शुक्रवारचं. मी तुम्हाला विचारलं होतं, एवढी वर्षं तुम्ही हेच केलंत, त्यावर घर घेतलंत, पोरीला शिकवलंत. आता हे चुकीचं म्हणता, मग ती सगळी वर्षं वाया गेली असं समजायचं का? तुम्ही म्हणालात, "ह्याचं उत्तर फोनवर नको. सोमवारी समोरासमोर देतो." ठेवलात फोन. आता द्या! कुठून देणार? मी गेले दहा-बारा दिवस तेच घेऊन फिरतेय. भाजी चिरताना, उ-बान मेट्रोमध्ये उभी असताना, ईमेल लिहिता लिहिता. बसले तर उठावंसं वाटतं, उठले तर कशाला उठले ते आठवत नाही. तुमच्या वतीने मीच उत्तरं तयार करते आणि मीच खोडून काढते. एकही तुमच्यासारखं वाटत नाही.

काकूंकडे जाऊन आले. डार्मश्टाटहून तुमची लेक प्राची आलीय. ती काकूंशी जर्मनमधून बोलते, काकू तिच्याशी मराठीतून, आणि दोघी एकमेकींचं सगळं समजून रडतात. तुमचा कीबोर्ड दिवाणखान्यात तसाच आहे, वर इस्त्रीचे कपडे. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेऊन बेदाण्यांची पिशवी हातात दिली. "ऑफिसला ने गं. ह्यांनी बैठकीसाठी म्हणून काढून ठेवलेत. तो लोमान खातो म्हणे आवडीनं."

मग त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तो वरचा सूर माझा आहे, माहितीय तुला?"

मी पिशवी ओट्यावर ठेवली.

"हे इथे बसून वाजवत होते. तीन सूर बसले, चौथा काही बसेना. मी पोळ्या करत होते. मी म्हटलं, अहो, शेवटी जरा वर न्या की, आनंद झाल्यासारखं वाटेल. नेला. त्यांच्या साहेबाने पाठ थोपटली." काकू पदराने ओटाच पुसायला लागल्या. "त्या फ्युर्थच्या म्हाताऱ्याचं सांगितल्यावर मी ह्यांना म्हटलं, म्हणजे मी पण फसवलं की हो त्याला. तर मला म्हणाले, तू आनंदासाठी दिला होतास सूर, तो चुकीच्या जागी मी वापरू दिला. आता सोडवून आणतो."

सोडवून आणतो! काका, हे मला का नाही सांगितलंत? मला कायदा सांगत बसलात, कान आणि डोळे सांगत बसलात. हे एक वाक्य सांगितलं असतंत तर मी भांडले असते का? भांडलेच असते म्हणा. तुम्हाला ते माहीत होतं.

बैठकीच्या सकाळी मी लवकर गेले. भिंतीजवळची मशिन्स बंद करणं हे माझं काम, बैठकीच्या आधी प्रत्येकाचं लाल बटण दाबलं की ते झोपतं. बटणावर हात ठेवला. तेवढ्यात तुमचं मशीन गायलं. काका, मी कसला डाव टाकला असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे, तुम्ही तरी विश्वास ठेवा. मला फक्त ते बंद करवेना. तुमचा आवाज म्हणून जगात जे काही उरलं होतं ते त्या लाकडी पेटीत होतं, आणि मी माझ्या हाताने ते बंद करू? नाही झालं माझ्याच्याने. बाकीची सगळी बंद केली. तुमचं तेवढं ठेवलं, आवाज कमी करून. तुमच्या रिकाम्या खुर्चीसमोर बेदाण्यांची वाटी ठेवली आणि पाणी भरायला निघून गेले.

सगळे आले. लोमान साहेबांनी काळा कोट घातला होता. तुमच्याबद्दल ते चांगलं बोलले, थोडं बोलले. मग म्हणाले, आपण आपल्या सहकाऱ्यासाठी एक मिनिट शांत उभं राहू या. खुर्च्या सरकल्या. सगळे उभे. माना खाली.

आणि त्या शांततेत तुमचं मशीन गायलं.

कमी आवाजातसुद्धा किती मोठं वाटलं ते! कुणी हललं नाही. जर्मन माणसं, श्वाइगेमिनूटे म्हणजे श्वाइगेमिनूटे, मौन म्हणजे मौन. पुन्हा गायलं. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. डोळे वर केले तर समोरच पडदा. एक युरो लावलेला, तीस सेंट परत. हरलं होतं ते. मग लक्षात आलं की खोलीत उभा प्रत्येक माणूस पडद्याकडेच बघतोय. सगळे ह्याच धंद्यातले. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढच्या डावाला दहा सेंट, तरी चार सूर, शेवटचा वर चढलेला. तुम्ही जाऊन दोन आठवडे झाले नाहीत, आम्ही तुमच्यासाठी माना खाली घालून उभे, आणि काकूंचा सूर हरलेल्या डावावर नाचत होता.

मिनिट संपलं. लोमान साहेबांचे गाल लाल झाले होते. बसता बसता ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कृपा करून ते मशीन हरल्यावर ओरडतंय तेवढं बंद करा हो."

मी पगारी माणूस. मी गप्प बसायचं. सचिन घरी कपाटं लावतोय. हे सगळं मला माहीत होतं काका, अगदी नीट माहीत होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ते सातव्या मुद्द्यात आहे, हेर लोमान."

लोमान साहेबांनी माझ्याकडे बघितलं. रागावले होते की काय, मला अजूनही सांगता येणार नाही. मग म्हणाले, "हो. पण तरीही, प्लीज." मी उठले, भिंतीपर्यंत गेले आणि लाल बटण दाबलं. ह्या वेळी दाबवलं. तुम्हीच सांगितल्यासारखं वाटलं, म्हणून असेल.

पहिले सहा मुद्दे झाले. काय झालं ते मी लिहून घेतलंय, पण वाचलं तर दुसऱ्याच कुणाचं अक्षर वाटतं. सातवा आला. लोमान साहेबांनी वाचून दाखवलं, की प्रस्तावक हयात नाहीत, सभासदांपैकी कुणी हा प्रस्ताव घेतंय का? कुणी खाली बघतंय, कुणी फोन उलटा ठेवतंय. मी पेन धरलं होतं. रेघ मारायची तयारी ठेवणं माझं काम. लोमान साहेबांचा हात सवयीने वाटीकडे गेला. चार बेदाणे उचलले, तोंडात टाकले, चावत बसले. त्यांना चावायला कधी इतका वेळ लागलेला मी बघितला नव्हता.

"मी ह्या प्रस्तावाच्या विरोधात आहे," ते म्हणाले. "हे इतिवृत्तात लिहा." मी लिहिलं. "पण माग्डुम इथे नसताना तो न लढता पडला, असं व्हायला नको. मी घेतो. पुढच्या बैठकीत चर्चा आणि मतदान होईल. हेही लिहा."

मला अक्षरं दिसत नव्हती, तरी लिहिलं.

बैठक संपल्यावर ते वाटीतले उरलेले बेदाणे रुमालात बांधत होते. मला म्हणाले, प्रस्तावामागची कारणं नीट मांडणारं एक पान लागेल, माझ्याच्याने ते लिहिलं जाणार नाही, मी विरोधात आहे. तुम्ही लिहाल? मी हो म्हटलं. काका, मी तुमच्याशी एवढी भांडले, त्याचा आता उपयोग होणार बघा. ते जे जे म्हणतील ते सगळं मी तुम्हाला आधीच म्हणून झालंय, आणि तुमची उत्तरं माझ्याकडे आहेत. एक सोडून. वाया गेली का ती वर्षं, त्याचं. मला आता वाटतं, तुमच्याकडेही ते नसेल. सोमवारी समोर बसून तुम्ही बेदाणे पुढे केले असतेत आणि म्हणाला असतात, तूच सांग की.

घरी जाताना वाटेत तुमच्याकडे गेले. काकूंना सांगायचं होतं. सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे जिंकले का गं हे?"

एक युरो लावला आणि वीस सेंट परत आलेत, काका. प्रस्ताव मेला नाही, एवढंच. तुमच्या मशीनने ह्यावर केव्हाच गाणं म्हटलं असतं. काकू माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या, किती आशेने म्हणून सांगू, आणि मला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. शेवटी जरा वर न्यायचं होतं, आनंद झाल्यासारखं.

मी म्हटलं, "नाही काकू. अजून नाही."

त्यांनी मान हलवली आणि चहाचं आधण ठेवलं.